हौदातली माकडीण

लहानपणी आजीकडून ऐकलेली एक गोष्ट तुम्हालाही माहीत असणारच. बादशहा म्हणतो, आईला आपल्या जिवापेक्षा मूल प्यारं असतं. बिरबल म्हणतो, नाही खाविंद, ज्याला त्याला आपला जीवच प्यारा. मग ते सिद्ध करायला एका कोरड्या हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू सोडतात आणि वरून पाणी सोडतात. पाणी कमरेला लागतं तशी ती पिल्लाला पोटाशी घेते, छातीला लागतं तशी खांद्यावर, गळ्याशी येतं तशी डोक्यावर. आणि नाकातोंडात पाणी जायला लागलं की पिल्लाला खाली टाकते आणि त्याच्यावर उभी राहते. बिरबल जिंकतो, दरबार वाहवा करतो, गोष्ट संपते.

आमच्या गिरगावातल्या चाळीत रात्री लाईट गेले की आजी गॅलरीत बसून ही गोष्ट सांगायची आणि शेवट आला की आम्ही सगळी पोरं गप्प व्हायचो, मी तर हळूच आईच्या बाजूला सरकायचे. पुढे शाळेत बाईंनी सांगितली, ऑफिसात कुणीतरी कुणाला तरी ऐकवताना दाखला म्हणून दिली, वीस-पंचवीस वेळा तरी ऐकली असेल मी. इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही की अरे, पण तिला त्या हौदात टाकलं कुणी?

मागच्या मे महिन्यात आलं.

आम्ही आता बोरिवली ईस्टला राहतो, नॅशनल पार्कची भिंत घरापासून चालत दहा मिनिटांवर. माकडं येतात हे घर घेतानाच माहीत होतं, खरं तर आवडलंच होतं. आमच्याकडे जास्त करून येतात ती लहान चणीची, लांब शेपटीची, डोक्यावर मधोमध भांग पाडून केसांची टोपी बसवल्यासारखी दिसणारी. बॉनेट मॅकाक म्हणतात त्यांना. काळ्या तोंडाचं वानर वेगळं, हे वेगळं. हे माकड जगात फक्त आपल्या दक्षिण भारतात सापडतं, महाराष्ट्र म्हणजे जवळपास त्याची वरची हद्द, आणि हल्ली त्याची संख्या इतकी घसरलीय की धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याचं नाव आहे. आपल्याला ते रोज कंपाऊंडवर दिसतं म्हणून वाटतं की रग्गड आहेत.

आई दर शनिवारी मारुतीला जाऊन आली की अर्धा डझन केळी माकडांना टाकायची. तिचं वय झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी गाडी कडेला लावायचे, काच खाली करायचे आणि मुलीच्या हातात केळं द्यायचे, की टाक बाळा, हनुमानाला. इतकी वर्षं मी हे पुण्य समजून केलं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे ते मी लांबून बघितलेलं नाही, मी त्यात होते.

त्या शनिवारी मी नव्हते, दुसरी एक गाडी होती. काच खाली करून कुणीतरी वेफर्सचं अख्खं पाकीट भिरकावलं, टोळी झाडावरून रस्त्यावर उतरली, झटापट झाली, आणि मागून येणाऱ्या टेम्पोला कळायच्या आत दोनेक महिन्यांचं एक पिल्लू चाकाखाली नाही पण चाकाच्या धक्क्यात सापडलं. मी भाजी घेऊन येत होते, वीस पावलांवर असेन. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. माकडीण आली, तिनं पिल्लाला उचललं, एका हातानं पोटाशी धरलं आणि तीन पायांवर पळत आमच्या कंपाऊंडच्या भिंतीवरून बदामाच्या झाडावर गेली. पाकीट रस्त्यावरच पडलं होतं, बाकीची माकडं परत त्याच्याकडे आली.

संध्याकाळी ती आमच्या समोरच्या टेरेसवर दिसली. मला वाटलं, वाचलं वाटतं पोर. मग नीट बघितलं तर पिल्लाची मान एका बाजूला लोंबत होती.

सोमवारपर्यंत मी किचनच्या खिडकीतून तिला बघितलं. पहिल्या दिवशी तिनं त्याला जिवंत असल्यासारखंच धरलं होतं, छातीशी लावून बसायची, त्याचं तोंड वर उचलून बघायची, सोडायची, परत उचलायची. रविवारी माश्या यायला लागल्या. ती एका हातानं माश्या हाकलायची आणि दुसऱ्या हातानं त्याच्या अंगावरचे केस विंचरत बसायची, एकेक केस बाजूला करून, उवा काढतात तसं, अगदी मन लावून, म्हणजे त्या मेलेल्या पोराची सगळी निगा चालू होती. टोळीतली एक अर्धवट वयाची माकडीण जवळ आली, वास घेतला आणि मागे सरकली. मग कुणी आलं नाही. सोमवारी ती त्याला हाताला धरून ओढत न्यायला लागली कारण अंग कडक झालं होतं आणि पोटाशी राहत नव्हतं. टाकीचा पाईप गळतो तिथे पाणी प्यायला वाकली की त्याला बाजूला ठेवायची, दोन घोट प्यायची, वळून बघायची, परत दोन घोट. पाणी पिऊन झालं की उचलायची. मी गॅसवर दूध ठेवून उभी होते, ते उतू गेलं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे नवीन काही नाही, माकडांवर काम करणाऱ्या लोकांनी हे पुष्कळ वेळा बघून लिहून ठेवलंय. मेलेलं पिल्लू काही दिवस, कधी कधी तर कित्येक आठवडे, पार वाळून जाईपर्यंत आया घेऊन फिरतात. का, त्यांना मरण कळतं की नाही, यावर वाद आहेत. ते मला सोडवायचे नाहीत. मला फक्त आजीची गोष्ट आठवली आणि इतका राग आला की काय सांगू, आजीवर नाही, त्या हौदावर.

मग मला एकेक हौद दिसायला लागले.

चाळीत डमरू वाजलं की आम्ही जिने उतरत धावायचो. दोन माकडं असायची, एकाला हाफ चड्डी, एकाला लाल फ्रॉक. 'ससुराल कैसे जाएगी?' विचारलं की फ्रॉकवाली डोक्यावर पदर घेऊन ठुमकत चालायची. 'रूठ कैसे जाएगी?' की तोंड फिरवून बसायची. आम्ही हसून हसून लोटपोट. एकदा मी अगदी पुढे बसले होते, माझ्यापासून हातभर लांब. तिच्या गळ्याभोवती दोरी होती आणि दोरीखाली केसच नव्हते, गुलाबी-पांढरा, सुकलेला, चकचकीत असा कातडीचा गोल होता. तिनं मोठी जांभई दिली तर वरचे सुळे नव्हते, नुसते खुंट होते. मी घरी येऊन सांगितलं तर मोठ्या कुणीतरी म्हटलं की चावू नये म्हणून काढतात. संपलं. आता कळतं की ती माकडं पिल्लू असतानाच आईपासून ओढून आणलेली असायची, आणि चड्डी घालून दोन पायांवर चालणं त्यांना भूक आणि काठी दाखवूनच शिकवलेलं असायचं.

१९९८ साली केंद्र सरकारनं अधिसूचना काढली आणि माकड, अस्वल, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ करायला बंदी आली. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली. हे चांगलंच झालं, पण माकडवाले ही आपल्याकडची भटकी माणसं, त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या याच्यावर गेल्या, त्यांच्या हातातली दोरी काढून घेतल्यावर त्या हातात दुसरं काय दिलं, हेही आपण कुणी विचारलं नाही. तेव्हा टाळ्या वाजवून पाच-दहा पैसे टाकणारे आम्ही होतो आणि नंतर त्यांना क्रूर म्हणणारेही आम्हीच.

राणीच्या बागेत शाळेची सहल जायची. तिथलं एक माकड मला अजून आठवतं, पिंजऱ्यात एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, डोकं एक गिरकी घ्यायचं, परत यायचं. आम्ही उभे होतो तेवढा वेळ तेच. एका माणसानं पेटती विडी आत टाकली, सगळे हसले. प्राणीसंग्रहालयं आता पुष्कळ बदललीत, पिंजरे मोठे झाले, काचा आल्या, ते चांगलंच आहे. पण ती गिरकी डोक्यातून जात नाही.

आणि एक हौद असा आहे की त्यातून मी स्वतः बाहेर आलेय. माझा ब्लड ग्रुप बी निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. मुलीच्या वेळी अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि परत बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत मला अँटी-डीचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की बाळाचं रक्त पॉझिटिव्ह असेल तर आईचं शरीर त्याच्याविरुद्ध लढायला शिकतं आणि पुढच्या बाळाला धोका होतो, ते होऊ नये म्हणून. हे जे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह आपण आधार कार्डाइतकं सहज सांगतो ना, त्यातलं 'आरएच' म्हणजे ऱ्हीसस, उत्तर भारतातल्या लाल तोंडाच्या माकडाचं नाव. १९४० साली लँडस्टायनर आणि वीनर या दोघांनी त्या माकडाच्या रक्तावर प्रयोग करताना हे शोधलं. पुढे कळलं की माकडाच्या आणि माणसाच्या रक्तातली ती गोष्ट तंतोतंत एक नव्हती, पण नाव तेच राहिलं. त्या नावाचं माकड आपल्याच देशातलं आहे हे मला चाळिशी उलटल्यावर समजलं.

मग वाचतच गेले. पोलिओची पहिली लस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवायचे आणि त्यासाठी आपल्या देशातून दर वर्षी हजारोंनी माकडं पकडून पाठवली जायची. १९५५ साली लंडनच्या विमानतळावर जवळपास चारशे माकडं गुदमरून मेली, तेव्हा भारत सरकारनं काही काळ निर्यात थांबवली, मग अटी घालून परत सुरू केली. अट अशी की फक्त औषधं, लस, माणसाचा जीव वाचवण्याचं संशोधन यांच्यासाठीच वापरायची. पुढे बाहेर आलं की अमेरिकेत लष्करी प्रयोगांत माकडांवर किरणोत्सर्गाचा मारा करून बघत होते. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारनं निर्यात बंदच केली. माझ्या मुलीला पोलिओचे डोस दिले, मी आनंदानं दिले, उद्या परत वेळ आली तर परत देईन. त्या डोसावर कुणाचा तरी हिशोब आहे आणि तो मी फेडलेला नाही, एवढंच मला म्हणायचंय, याच्यापुढे माझी मती जात नाही.

पण हॅरी हार्लो नावाच्या माणसाचे प्रयोग वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. १९५० च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिनला त्यानं ऱ्हीससची पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच आईपासून वेगळी केली आणि त्यांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, तिच्यात दुधाची बाटली. दुसरी फडकं गुंडाळलेली, तिच्यात काहीच नाही. पिल्लं भूक लागली की तारेच्या आईकडे जायची, पोट भरलं की धावत फडक्याच्या आईला जाऊन बिलगायची आणि दिवसाचा बहुतेक वेळ तिथेच राहायची. घाबरवलं की तिच्यातच तोंड खुपसायची. यातून जगाला कळलं की बाळाला नुसतं दूध पुरत नाही, कुशी लागते. आपल्याकडच्या कुठल्याही सुईणीनं हे हसत हसत सांगितलं असतं, त्याच्यासाठी एवढी पोरं आयांच्या अंगावरून ओढायची गरज नव्हती. पुढे तर त्यानं पिल्लांना एका निमुळत्या लोखंडी खड्ड्यात एकटं ठेवून बघितलं, की ती किती खचतात.

बिरबलाची गोष्ट कुणीतरी रचलेली आहे. हे मात्र खरोखर घडलंय, आणि त्यात एकही पिल्लू आईनं टाकलेलं नाही, सगळी तिच्यापासून काढून घेतलेली आहेत.

आता हे सगळं वाचून कुणी म्हणेल की बाई, तुमचं ठीक आहे, तुमच्या गच्चीवर येतात आणि जातात, कोकणात या म्हणजे कळेल. बरोबर आहे ते. आमचे वॉचमन काका देवरुखकडचे. त्यांच्या घरची नाचणी, कुळीथ, भुईमूग, सगळं माकडं आणि वानरं येऊन नेतात, नारळाची कोवळी फळं पाडतात, केळीचा घड तर हाताला लागूच देत नाहीत. 'ताई, पेरायचं कुणासाठी? आम्ही सोडलंच बघा', असं म्हणत त्यांनी तीन वर्षांपूर्वी जमीन पडीक ठेवली आणि मुंबईला नोकरीला आले. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे माकडताप आला तेव्हा माणसं गेली. तो पसरवणारी खरी गोचीड, माकडं स्वतःही त्यानं मरतात, पण नाव माकडाचंच पडलं. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर असल्याची बातमी वाचून काका कितीतरी वेळ काही बोलले नव्हते. त्यांचं दुःख मी मानते, त्यांनी खाल्लेला मार मी खाल्लेला नाही.

पण शहरात आपण जे करतो ते वेगळंच. कान्हेरीला जा, घारापुरीला जा, माथेरानला जा, हातात पिशवी दिसली की माकड झडप घालतं आणि आपण म्हणतो काय माजलीत. त्यांना शिकवलं कुणी की पिशवीत खाणं असतं? माकडाच्या गालात पिशव्या असतात, मिळेल ते भराभर कोंबायचं आणि झाडावर जाऊन सावकाश खायचं, म्हणून ते हिसकावून पळतं, उद्धटपणा नाही तो, ती त्याची जेवायची पद्धत आहे. काळ्या तोंडाच्या वानराला तर तेही नाही, त्याचं पोट गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं, पाला आंबवून पचवायला बनलेलं, त्यात आपण ग्लुकोजची बिस्किटं आणि पाव टाकतो आणि ते आतून बिघडतं. आधी आपण खायला घालतो, मग ते जवळ येतं, मग ओरबाडतं, मग आपण पिंजरा मागवतो.

आमच्याकडेही मागवला. सोमवारी रात्री सोसायटीची मिटिंग झाली, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या हातातलं केळं माकडानं ओढलं होतं, नख लागलं होतं, आईबापाची भीती खरी होती. कुणीतरी ओळखीचा माकडं पकडणारा माणूस बोलावला. मंगळवारी पहाटे पिंजऱ्यात केळी ठेवून दोन माकडं पकडली, एक मोठा नर आणि ती अर्धवट वयाची, जिनं जवळ येऊन वास घेतला होता. टेम्पोत घालून नेली. कुठे सोडणार विचारलं तर 'जंगलात' एवढंच. कुठल्या जंगलात, कुणाच्या टोळीत, आणि तिथली टोळी त्यांना घेईल का, की कुठल्या तरी शेतकऱ्याच्या वाडीवर जाऊन बसतील, कुणाला पडलेली नव्हती. वन खात्याची १९२६ ही हेल्पलाईन आहे हे मला त्यानंतर कळलं. आधी कळायला हवं होतं. मिटिंगमध्ये मी बोलले, पण आवाज फुटेना, कारण शनिवारची केळी माझीही होती.

मंगळवारी ती माकडीण दिवसभर दिसली नाही.

बुधवारी सकाळी काकांनी बेल वाजवली. टाकीचा बॉल कॉक बघायला वर गेले होते, टाकीखालच्या सावलीत ते पिल्लू ठेवलेलं सापडलं होतं. टाकलेलं नव्हतं म्हणाले, भिंतीला लावून, कुशीवर ठेवलेलं. त्यांनी आपला जुना पंचा आणला होता, त्यात गुंडाळलं. कचऱ्याच्या गाडीत द्या, असं खालून कुणीतरी म्हणालं, काकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बदामाच्या झाडाखाली पहारीनं माती उकरायला लागले. मे महिन्याची कडक माती, कितीतरी वेळ लागला. मी तिथेच उभी होते. माकडांपायी गाव सोडलेला माणूस माकडाच्या पोरासाठी खड्डा खणत होता आणि मी काय बोलणार. मध्येच थांबून घाम पुसत त्यांनी माझ्याकडे बघितलं.

'ताई, घरात मीठ आहे काय? जाडं?'

मी नुसतीच बघत राहिले.

'लहान पोर आहे ना. आमच्याकडे घालतात.'

मी वर जाऊन बरणी घेऊन आले.